सांगलीच्या सातूवर घातलेली वाकळ

या गं, अशा पुढं सरका. तिकडं उंबऱ्यावर बसून ऐकलंत म्हणजे अर्धं कानावर पडतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही आपापल्या मनानं जोडता. सगळा घोटाळा त्यातनंच झालाय. मी सांगलीहून येऊन अजून पाय धुतले नव्हते, तोवर पाणवठ्यावर बोलणं सुरू: म्हातारीनं जावयाचा कारखाना बंद पाडला म्हणे! अगं, मला येऊन विचारायचं तरी. बंद पडला, हे खरं आहे. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पडला. पण कसा आणि कशानं, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी मीठमसाला लावू नये.

म्हणून लिहायला बसलेय; जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना अशी जवळ बसवून वाचून दाखवावं. माझं शिकणं थोरल्याच्या पुस्तकावरनं, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून झालेलं. तेव्हा अक्षर बघू नका, मजकूर बघा. आणि आधीच सांगते, तिथं जे पाहिलं त्यातलं निम्मं मला अजून उमगलेलं नाही. तेही तसंच लिहिते.

जायचं कारण झालं शेवंतीचं पत्र. शेवंती माझी धाकटी, सांगलीत दिलेली. तिचा नवरा यशवंतराव सातूच्या कारखान्यात आहे. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, हा त्यांचा धंदा. पत्रात लिहिलं होतं, "आई, यांच्यावर पहिल्यांदाच एक अख्खी खेप एकट्यावर सोपवलीय. नीट उतरली तर कायम करणार आणि कारखान्याच्या चाळीत खोली देणार. बिघडली तर परत रोजावर, आणि मग आम्हाला सांगली सोडावी लागेल. यांना जेवण जात नाही. तू चार दिवस ये."

मोड म्हटल्यावर मला हसू आलं. मोड आणायला कारखाना? साऱ्या उंब्रजात मटकीला माझ्यासारखे मोड कुणाच्या घरी येतात, सांगा बघू!

उंब्रज ते आष्टा

तुळशीचं लग्न उरकलं आणि दुसऱ्या दिवशी निघाले. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटारी कोळशावर चालतात हे ऐकून होते, पण बसले पहिल्यांदाच. मोटारीच्या पाठीला बंबासारखी भट्टी. ड्रायव्हरनं कोळसा घातला, आणि निघायच्या आधी एक दांडा धरून लहानसा पंखा गरागरा फिरवत बसला. मी म्हटलं, "बाबा, भट्टीला वारा घालतोस व्हय? तिला काय उकडतंय?"

"आवं आजी, वारं मिळालं न्हाई तर इस्तू मरतंय. तिला बी दम घ्यावा लागतुया."

तिला दम लागतो हे खरंच; पहिल्याच चढाला सगळ्यांना खाली उतरवलं. आम्ही पुढं चालत, मोटार मागनं धापा टाकत.

माझ्या मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेली मटकी होती. लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि मटकी वाटेतच मोडाला यावी असा हिशेब. पदराखाली पोटाशी धरून बसले होते, तर शेजारचा फेटेवाला विचारतो, "नातू हाय का?"

"मटकी हाय."

"निजलीया व्हय? मग हळू बोलतो."

साऱ्या मोटारीला हसायला कारण मिळालं. आष्ट्याला भट्टीत कोळसा भरायला थांबलो, तेव्हा त्याच माणसानं भाकरी सोडली, मला कांदा फोडून दिला आणि पोटलीकडं बघून म्हणाला, "बाळाला काय देऊ?" असा चेष्टेखोर. पण उतरताना माझं बोचकं त्यानंच खाली दिलं. बोचक्यात एक लुगडं आणि माझी वाकळ. परक्या अंथरुणात मला झोप लागत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. शेवंतीच्या बारशाला नेसलेलं हिरव्या काठाचं लुगडं विरलं, त्याची शिवलेली ती वाकळ. तिच्याकडं लक्ष ठेवा, पुढं सगळं तिच्यावरच येणार आहे.

सांगली, पहिला दिवस

शेवंतीनं दारातच पोटली घेतली, सोडली, आणि "आई गं!" म्हणाली. मोड असे पांढरे, टपोरे, की डोळ्यांत भरावेत. पोटलीतनं ऊब आली. मी आपली मनात खूश: माझ्या पोटाची ऊब.

सांगलीचं बाकी काय सांगू! कृष्णाकाठची वांगी तिकडं आपल्यासारखी भाजून ठेचत नाहीत, रश्श्यात सोडतात. शेवंतीच्या तोंडीही आता सांगलीचं वळण आलंय. हाक मारताना शेवट लांबवते. लेकीच्या घरी राहू नये म्हणतात, पण तिच्या मांडीवर मूल आहे, तेव्हा तो नेम सुटला.

दुपारी यशवंतरावांचा डबा घेऊन आम्ही दोघी निघालो. कारखाना विश्रामबागेच्या पलीकडं, माळावर. आत शिरले आणि माझी मती गुंग व्हायला सुरुवात झाली.

पहिल्या घरात लोखंडाच्या उंच टाक्या, खाली निमुळत्या. त्यात सातू भिजत घातलेला, आणि पाणी खळाखळा उकळत होतं. मी म्हटलं, "अगं, दाणा शिजेल!" शिडीवर उभी होती ती बाई म्हणाली, "हात घालून बगा की अक्का." घातला, तर पाणी बर्फासारखं गार. ही गोदाक्का. हळदीच्या दिवसांत हरिपुरात हळद वाळवते, एरवी इथं. तिचा आवाज टाक्यांच्या वर चढणारा. ती म्हणाली, "खालनं नळीनं वारं सोडत्यात. पाण्यात दाणं गुदमरू न्हाईत म्हणून."

"आणि मग?"

"मग पाणी काढून टाकायचं. दाणं तसंच ठेवायचं. मग परत पाणी."

तहानलेल्याला पाणी द्यायचं, निम्म्यावर पेला काढून घ्यायचा, परत द्यायचा! कुणाला विचारू, कळेना.

दुसरं घर मोडघर. लांबच लांब सिमेंटचा हौद, दोन पंगती समोरासमोर बसतील एवढा. तळाला पाण्याऐवजी भोकाभोकांचे पत्रे, त्यावर कमरेएवढा सातूचा थर. पत्र्यांखालून पंखा गार ओला वारा वर ढकलतो. आणि हौदाच्या दोन्ही भिंतींवर रूळ, त्यावर आडवा एक गाडा. गाड्याला खाली सोडलेली माणसाएवढी लोखंडी मळसूत्रं. तो सकाळ-दुपार-संध्याकाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत जातो, आणि मळसूत्रं फिरून तळचा दाणा वर, वरचा तळाला करतात.

बायांनो, नवरात्रात आपण घट बसवतो. माती, धान, वर कलश. नऊ दिवस त्याला हात लावू देतो का? वारा लागू देतो का? आणि धान जितकं उंच आणि पिवळंधमक, तितकं घराचं बरं. इथं दिवसातनं तीनदा घट ढवळत होते! वर पंख्याचा वारा!

यशवंतराव हौदाच्या कडेला उभे होते, हातात पाऱ्याची काडी. डोळे खोल गेलेले. त्यांनी मूठभर सातू माझ्या ओंजळीत दिला. हौदात पडून तिसरा दिवस, आणि मोड म्हणजे नुसते दोन-तीन पांढरे केस.

"जावईबापू, एवढंच?"

"एवढंच पायजे, मामी. मोडासाठी न्हाई हे, दाण्यासाठी हाय."

"मग मोड?"

"भट्टीत वाळलं की चाळून गुरांला."

"मोड आणायचे आणि मोड गुरांना?"

"व्हय. दाण्याचा गोड पाक निघतोय. लढाईच्या दवाखान्यांला जातोय." एवढं बोलून ते परत पाऱ्याकडं बघायला लागले. जावयाशी किती वाद घालायचा? डबा पुढं केला. पण मनात घोळत राहिलं: गारठ्यात ठेवतात, निवांत पडू देत नाहीत, मोड कसे येतील? आणि मोडच नाही आले तर माझ्या लेकीचं बिऱ्हाड उठणार.

दुसरा दिवस

सकाळी शेवंतीनं मटकीची उसळ केली. यशवंतरावांनी घास घेतला आणि ताटात बघत बसले. शेवंतीनं विचारलं, "खारट झाली का?"

"न्हाई. उद्या साहेब हौद बघाय येणार."

झालं. माझ्या डोक्यात तेच बसलं. साहेब येणार, आणि त्याला दिसणार काय, तर ते दोन-तीन केस!

संध्याकाळी त्यांच्या रात्रपाळीचा डबा घेऊन मी एकटीच गेले. शेवंतीला वाटलं, म्हातारी हौसेनं फिरतेय. वाकळ मी घडी घालून पदराखाली धरली होती, जशी मटकी धरली होती तशी. गाडा नुकताच फिरून पलीकडच्या टोकाला जाऊन थांबला होता. यशवंतराव भट्टीकडं. मोडघरात कुणी नव्हतं, नुसता पंख्याचा घुमघुमाट. मी अलीकडच्या कोपऱ्यात हात घातला. गार, अगदी गार. उघड्यावर टाकलेल्या पोरासारखा तो सातू.

वाकळ पसरली. चारी बाजूंनी नीट खोचली. म्हटलं, सगळ्याला नाही तर नाही, एका कोपऱ्याला तरी उद्या साहेबाच्या नजरेत भरतील असे मोड येऊ देत. हात जोडले आणि निघाले.

घरी झोपायच्या वेळी शेवंती म्हणाली, "आई, तुझी वाकळ कुठाय?"

"मला उकडतंय."

"आत्ता? या थंडीत?"

"म्हातारपणी उकडतं. झोप तू."

तिसरा दिवस

पहाटे कारखान्याचा माणूस दारात. "यशवंतराव बोलावत्यात, लवकर चला" एवढंच म्हणाला. शेवंतीनं मूल उचललं. तिला वाटलं, अपघात. मूल शेजारणीकडं देऊन आम्ही जवळजवळ पळत गेलो.

गाडा हौदाच्या या टोकाला येऊन वाकडा उभा होता. पट्टा निसटलेला. आणि मळसूत्रांना, बायांनो, माझी वाकळ पिळा घालून गुंडाळलेली. चिंध्या लोंबत होत्या. सगळ्यात वर शेवंतीच्या बारशाचा हिरवा काठ.

शेवंतीनं काठ ओळखला. माझ्याकडं बघितलं. 

साहेब आधीच आले होते. विलायतेत हे काम शिकून आलेले, पण माणूस आपल्यातलाच; कानाला मफलर गुंडाळलेला. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं आहे?"

 यशवंतरावांनी काठाकडं बघितलं, मग एकदाच माझ्याकडं, मग जमिनीकडं.

"माझं, साहेब. थंडी वाजत हुती. अंगावर घेतलं हुतं, पडलं आसंल."

"म्हणजे कामावर झोपलात?"

"व्हय."

शेवंतीनं माझा दंड घट्ट धरला. धरून गप्प कर म्हणत होती की बोल म्हणत होती, ते मला आजही ठाऊक नाही. मी पुढं झाले.

"खोटं बोलत्यात ते. वाकळ माझी हाय. म्या घातली. त्यांना पत्ता बी न्हवता."

"तुम्ही कोण?"

"सासू त्यांची."

गोदाक्काच्या तोंडातनं हसू फुटलं, तिनं ते खोकल्यात घातलं. साहेब हसले नाहीत. "का घातलीत, आजी?"

"गारठत हुतं."

त्यांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "इकडे या. हात घाला."

मी कोपऱ्यात हात घातला आणि ओढून घेतला. चुलीशेजारच्या भिंतीसारखा ऊन! दाणे सुटे नव्हतेच. मुळ्या एकमेकींत गुंतून जटा झालेल्या, गठ्ठाच्या गठ्ठा उचलून आला. आणि मोड, खरं सांगते, काय सुरेख होते! लांब, दाट. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "बघा की, कसं फुटल्यात!"

साहेबांनी त्यातला एक दाणा सोलला. आतला कोंब टरफल फोडून बाहेर आला होता. "हा जेवून बसला, आजी. आपल्याला हवं होतं ते यानं खाल्लं." मग हौदाच्या मधला, बिनवाकळीचा, दोन केसांचा दाणा घेतला, चिमटीत फोडला आणि भिंतीवर घासला. पांढरी रेघ उमटली, रांगोळीसारखी; "असा पिठूळ हवा," म्हणाले. माझा कोपऱ्यातला घासला, तर चिकट डाग.

"पण ऊन कशानं झालं?" मी विचारलं. "वाकळीत काय इस्तू हुता?"

"वाकळीत काही नव्हतं. मोड येताना दाणा स्वतःच तापतो. त्याचा ताप निघून जावा म्हणून तर आम्ही वारा घालतो. तुम्ही त्याला तापात पांघरूण घातलंत."

मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं पोटली सोडताना हाताला ऊब लागते, ती मी माझी समजत होते. माझ्या चुलीची, माझ्या पदराची. ती मटकीची होती? मग मी इतकी वर्षं काय केलं?

पण विचार करायला कुणाला सवड होती! गाड्याची खीळ मोडली होती, नवी करून आणायला संध्याकाळ होणार होती. आणि गाडा फिरला नाही तर मुळ्या गुंतणार, वारा वर येणार नाही, आणि सगळा हौदच तापून माझ्या कोपऱ्यासारखा होणार. यशवंतरावांनी पारा बघितला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही.

मग तेच म्हणाले, "साहेब, सगळं बाहेर काढू. गोडाऊनची फरशी मोकळी हाय. पातळ पसरलं तर तापणार न्हाई."

"आणि ढवळणार कोण? दिवसभर?"

"आमी काय मेलोय व्हय?" गोदाक्का शिडीवरनं ओरडली. "हळद काय आपल्या आपण कूस बदलती?"

पाट्या भरभरून सातू बाहेर निघाला. फरशीवर वीतभर थर. बायांनी पाय धुतले, लुगडी खोचली आणि खळ्यावर आपण जोंधळा फिरवतो तशा पाय ओढत ओळी पाडत निघाल्या. साहेब म्हणाले, "पायानं?" गोदाक्का म्हणाली, "हातानं केलं तर आमची कंबर मोडंल, मग तुमची लागंल." साहेब बाजूला सरकले. नंतर मला म्हणाले, विलायतेतही जुन्या घरांत असंच फरशीवर करतात, लाकडी फावड्यांनी. त्यांना शिकवणारा म्हातारा तसाच करायचा.

गोदाक्कानं ऐकलं. "मग साहेब, एवढं लोखंड कशाला आणलंसा?"

"तुम्ही रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ याल? सणाला, जत्रेला?"

"जत्रेला न्हाई."

"म्हणून आणलं."

मीही ओळी पाडल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी अडवलं नाही. पायाखाली दाणा आधी कोमट लागत होता, मग निवत गेला. शेवंती माझ्या मागच्या ओळीत. दुपारी भाकरी उभ्यानंच खाल्ली. यशवंतराव दर थोड्या वेळानं पारा खुपसत, बघत, पुढं सरकत. नोकरी गेलीच असं धरून चाललेला माणूस, पण एक ओळ चुकू दिली नाही. माझ्याशी मात्र अक्षर बोलले नाहीत.

दिवे लागायच्या सुमारास खीळ आली, सातू परत हौदात गेला, गाडा रांगायला लागला. माझा कोपरा तेवढा गुरांच्या गाडीत. साहेब जाताना म्हणाले, "बाकीचं भट्टीतून उतरल्यावर बघू. पण यशवंतराव, खोटं बोललात ते मी विसरणार नाही."

आणि परत

त्यानंतर दोन दिवस घरात मी, शेवंती आणि अबोला. शेवंती कामापुरती बोलायची. मी मनात म्हणत होते, रागवा, ओरडा, पण बोला.

निघायच्या आदल्या दिवशी यशवंतराव जेवायला बसले आणि ताटाकडं बघत म्हणाले, "मामी, मटकी हाय का अजून?"

होती. मूठभर राहिली होती. उसळ केली. ते जेवले, पोटभर जेवले. उठताना म्हणाले, "त्या दिशी तुमी बोलला नसता तर मला झोपलेला म्हणून काढला असता." हात धुतले. "आन् तुमी आला नसता तर बोलायची पाळीच आली नसती." मग पहिल्यांदा हसले. यातलं कुठलं खरं धरायचं, ते मला ठरवता येईना.

मी परत आले तेव्हा खेप भट्टीतच होती. इकडं तुमची चर्चा सुरू, आणि मला पोस्टमनशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. परवा पत्र आलं. खेप उतरली. साहेबांनी भिंतीवर रेघ ओढून बघितली, दाणा चावला आणि म्हणाले, "थोडा उणा आहे, पण एकसारखा आहे." यशवंतरावांना कायम केलंय. चाळीतली खोली मिळालीय, दाराशी तुळस लावायला जागा आहे. आणि वाकळीचा तो हिरवा काठ गोदाक्कानं दृष्ट लागू नये म्हणून गाड्याच्या दांडीला बांधलाय. साहेबांनी बघितला आणि तसाच राहू दिला. शेवंतीनं थोडा वाळलेला सातूही पाठवलाय. चघळून बघितला. गोड लागतो. साखर न घालता गोड कसा, तेही कळलेलं नाही.

तर बायांनो, असा मी कारखाना बंद पाडला. आता पाणवठ्यावर बोलायचं तर सगळं बोला, अर्धं नको. त्यापेक्षा एकदा घरीच या, लवकर या. सांगलीहून आल्यापासून मी रोज मटकी बांधतेय. चुलीपासून लांब, उघड्या खिडकीत ठेवतेय, आणि सकाळी सोडताना तरीही हाताला ऊब लागते. माझ्या हातावर माझा आता भरवसा राहिला नाही. तुम्ही या, तुमचा हात घाला, आणि ती ऊब कुणाची ते मला सांगा.